एका गुडघ्याचे तीन नकार

खिडकीकाकांना आयुष्यात न मागता भरपूर मिळालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे नकार. लग्नाआधी त्यांना अकरा मुलींच्या घरून नकार आले आणि त्यांतला एकही आणायला कुणाचा उंबरठा झिजवावा लागला नाही. बढतीला नकार आला, बदलीला नकार आला, गच्चीवर चार कुंड्या ठेवू का म्हणून विचारलं तर सोसायटीच्या सभेत बावीस विरुद्ध एक मतांनी नकार आला. एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी हे सगळे नकार जगाला परत केले. "साहेब जागेवर नाहीत", "हे आमच्याकडे येत नाही", "उद्या या" ही तीन वाक्यं ते इतक्या गोड आवाजात म्हणत की लोक आभार मानून जात. त्या खिडकीवरूनच त्यांना हे नाव पडलं. अशा माणसाला सहासष्टाव्या वर्षी तीन नकारांसाठी नऊ दिवस दारोदार फिरावं लागलं आणि कुणी एक देईना, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

घोडं अडलं होतं काकूंच्या उजव्या गुडघ्यापाशी. काकूंना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून पाच महिने झाले होते. भाजी काका आणत, म्हणजे भाजीवाला जी इतर कुणाला देऊ धजत नसे ती काका आणत. काकू खिडकीशी बसून रस्ता बघत आणि काका संध्याकाळी एकटेच फिरायला जात. बागेपर्यंत जाऊन ते परत येत, कारण बाकावर बसून कुणाशी बोलायचं हा प्रश्न असे. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. "आज हवा बरी नव्हती," असं म्हणत.

नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात गुडघ्याच्या एक नामांकित डॉक्टरीणबाई होत्या आणि सार्वजनिक आरोग्य विम्याचं कार्ड त्या घेत असत. तेवढ्यावर सुतावरून स्वर्ग गाठून काका विमा कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी त्यांच्या फाईलीकडे, फाईलीवरच्या लेबलाकडे आणि लेबलावरच्या अक्षराकडे आदरानं पाहिलं. एकाच जातीच्या पक्ष्यांना एकमेकांची ओळख पटते.

"काका, तुमचा विभाग वेगळा, त्यांचा वेगळा," मॅडम म्हणाल्या. "विभागाबाहेर जायचं तर आधी तुमच्या विभागातल्या तीन डॉक्टरांनी नाही म्हणायला हवं. लेखी. नमुना सात. त्यांच्या यादीत एकच जागा उरलीये, पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत कागद आले तर ती तुमची."

"आणि नाही आले तर?"

"पुढची पाळी चौदा महिन्यांनी."

"आमच्या विभागात योजनेतले डॉक्टर किती?"

"तीनच. एक लहान मुलांचे, एक दातांचे, एक त्वचेचे."

काका हसतच घरी आले. लहान मुलांचा डॉक्टर एकसष्ट वर्षांच्या बाईचा गुडघा नाकारणार नाही तर काय करणार? "संध्याकाळपर्यंत तिन्ही आणतो," असं त्यांनी काकूंना सांगितलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. नकार घ्यायला जातानाही माणूस नीटनेटका असावा, असं त्यांचं मत होतं.

बाळडॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर ससे होते आणि बसायला गुडघ्याएवढ्या रंगीत खुर्च्या. काका त्यांतल्या पिवळ्या खुर्चीत बसले, म्हणजे बरेचसे बसले. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड बघितलं आणि क्षणात म्हणाली, "योजनेच्या जागा भरल्यात."

काकांना भरून आलं. इतका स्वच्छ, इतका तत्पर नकार त्यांनी स्वतःसुद्धा क्वचितच दिला असेल. "छान," ते म्हणाले. "हेच जरा लेखी द्या. नमुना सात."

'लेखी' म्हटल्याबरोबर ती मुलगी आत पळाली आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. झालं होतं असं, की योजनेतल्या डॉक्टरनं लेखी नकार दिला तर त्याला सोबत दोन पानी खुलासा जोडावा लागे, आणि वर्षात असे पाच नकार झाले की तपासणी लागे. तोंडी नाही म्हणायला मात्र काही मर्यादा नव्हती. त्यामुळे गावभर दिवसभर नकार मिळत होते, फक्त कागदावर कुणीच कुणाला कधी नाकारलेलं नव्हतं.

"कोण म्हणतं जागा नाही?" डॉक्टर म्हणाले. "या ना, आत या. कुणाला काय होतंय?"

"बायकोचा गुडघा दुखतो. पण तुम्ही लहान मुलांचे..."

"गुडघा मुलांनाही असतो," डॉक्टर म्हणाले आणि संगणकावर काकूंची नोंद करायला बसले. वयाच्या रकान्यात महिने लिहायचे होते. त्यांनी हिशेब केला, काकांनी तो तपासला आणि दोघांच्या संमतीनं तिथे सातशे बत्तीस लिहिलं गेलं. मग वजन विचारलं, वाढीच्या तक्त्यावर ठिपका कुठे येतो ते पाहिलं, आणि तो तक्त्याच्या बरंच बाहेर, टेबलावर आल्यावर "वाढ समाधानकारक आहे" असा शेरा मारला. काका घरी आले तेव्हा त्यांच्या हातात संत्र्याच्या चवीचं एक सरबत होतं आणि एक फुगा. तो फुगा त्यांनी जिन्यात सोडून दिला, पण तळमजल्यावरच्या बाईंनी तो बघितलाच.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर. हे गृहस्थ तर काकांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तोंड उघडा." काकांनी तोंडातला प्रश्न तसाच ठेवून तोंड उघडलं, ही त्यांची चूक झाली. त्यानंतर जे काही बोलायचं ते त्यांना आरशाच्या आणि चिमट्याच्या आजूबाजूनं बोलावं लागलं. "गुडघा? घेतो की," डॉक्टर म्हणत होते, "दात काय आणि गुडघा काय, शेवटी जबडा हासुद्धा सांधाच. पण तुमची ही खालची दाढ मला काही बरी दिसत नाही." काका नकार आणायला गेले होते, ते दाढ देऊन आले. डॉक्टरांनी ती कागदात गुंडाळून दिली, त्या कागदावर मात्र एक अक्षर लिहून दिलं नाही.

"मिळाला का नकार?" काकूंनी विचारलं.

काकांनी तोंडातल्या कापसाकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन आडवे झाले.

आपलं दुःख झाकून ठेवण्याची सोय ज्या इमारतीत आहे ती अजून बांधली जायची आहे. रविवारी शेजारचे निवृत्त हवालदार विचारपूस करायला आले आणि काकांच्या फाईलीतलं विमा योजनेचं परिपत्रक वाचायला मागून बसले. नोकरीत असताना त्यांनी एकही कागद पूर्ण वाचला नव्हता, ती कसर ते आता भरून काढत. सातव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"काका, हे वाचलंत का? कलम चार. दवाखान्यात गैरवर्तन झालं तर डॉक्टर घेतलेल्या रुग्णालाही नाकारू शकतो. खुलासा नको, आणि पाचात धरतही नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तिथे जाऊन गोंधळ घालायचा."

काकांनी असा काही चेहरा केला, जसं काही त्यांना भर चौकात नाचायला सांगितलंय. ज्या माणसानं एकतीस वर्षांत कुणाला अरे म्हटलं नाही, रिक्षावाल्यालाही ज्यानं "जरा सावकाश घेता का" असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तो आणखी जोरात गेला, त्या माणसानं गोंधळ घालायचा. पण काकूंनी त्याच वेळी उठताना टेबल धरलं आणि त्यांचे ओठ पांढरे झालेले काकांनी पाहिले. "शिकवा," ते हवालदारांना म्हणाले.

मग बैठकीच्या खोलीत दोन तास शिकवणी झाली. हवालदार डॉक्टर झाले, काका स्वतः झाले. टेबलावर मूठ आपटायची आणि म्हणायचं, "हे काय चाललंय? इथे काही पद्धत आहे की नाही?" पहिल्या खेपेला काकांनी मूठ आपटण्याआधी टेबलावरचं फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं. दुसऱ्या खेपेला वाक्याच्या शेवटी "कृपया" लागलं. हवालदारांनी कपाळावर हात मारला. काकू आतून म्हणाल्या, "आवाज पोटातून काढा, नाकातून काढताय." असं करत करत दहाव्या खेपेला मूठ बऱ्यापैकी आपटली आणि खालच्या मजल्यावरून काय पडलं म्हणून विचारायला माणूस आला. ही शाबासकी समजून शिकवणी संपली.

सोमवारी काका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात चाळीस माणसं होती, प्रत्येक जण कुठे ना कुठे खाजवत होता, आणि आत कोण कधी जातं याचा कुणाला पत्ता नव्हता. काकांनी घसा साफ केला, डोळे मिटले, काउंटरवर मूठ आपटली आणि पोटातून ओरडले, "हे काय चाललंय? इथे काही पद्धत आहे की नाही?"

खाजवायचंसुद्धा थांबलं. मग मागून एक जण म्हणाला, "बरोबर बोलतायत ते." दुसरा म्हणाला, "मी आठ वाजल्यापासून बसलोय." एक आजीबाई उठून काकांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्हीच सांगा आता काय करायचं ते." आणि इथे घात झाला. चाळीस माणसं आपल्याकडे तोंड करून उभी आहेत हे पाहिल्यावर काकांच्या आतली एकतीस वर्षं जागी झाली. त्यांनी फाईलीतून कोरे कागद काढले, चिठ्ठ्या फाडल्या, आकडे घातले. "नुसते रिपोर्ट दाखवणारे डावीकडे. पहिल्यांदा आलेले उजवीकडे. आजी, तुम्ही पुढे बसा. तुम्ही उद्या या."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना साडेबाराला रिकामा झाला. डॉक्टरांनी बाहेर येऊन काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काकांनी गैरवर्तनाबद्दल लेखी नकार मिळावा अशी विनंती केली, तेव्हा डॉक्टरांचे डोळे पाणावले. "तुम्हाला नकार? इतका कृतघ्न नाही मी. रोज याल का?" गुडघ्याला लावायला एक मलम मात्र त्यांनी आग्रहानं दिलं.

बुधवारी काका विमा कार्यालयात गेले ते एक सरबत, एक दाढ आणि एक मलम घेऊन. मॅडमनी पडद्यावर नोंद उघडली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आता डॉक्टर हवाय कशाला? एका गुडघ्याला तीन झालेत. लोकांना एक मिळत नाही."

काकांनी गैरवर्तनाच्या प्रयत्नाची हकीकत सांगितली. मॅडमनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "पण काका, तुम्ही केलेलं धरत नाहीत. गैरवर्तन रुग्णानं करावं लागतं. नातेवाइकांचं कलम वेगळं आहे आणि त्यात नुसती समज देतात."

घरी येऊन काकांनी फाईल टेबलावर ठेवली आणि हरलो म्हणून सांगितलं. नऊतले सात दिवस गेले होते. काकूंनी फाईल पुढे ओढून चाळली. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी रिक्षा बोलवा. मी येते."

"तू? अगं, पायऱ्या चोपन्न आहेत."

"मला माहीत आहेत किती आहेत त्या."

गुरुवारी सकाळी काकू चोपन्न पायऱ्या बसून उतरल्या, एकेक करत. हवालदार पुढे होते आणि काका मागे फाईल धरून. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि प्रत्येक दारातून सल्ला येत होता. पाय आधी टाकावा की हात, यावर पहिल्या मजल्यावर दोन तट पडले. काकूंनी कुणाकडे पाहिलं नाही.

बाळडॉक्टरांकडच्या रंगीत खुर्च्यांकडे काकूंनी एकदा बघितलं आणि त्या सरळ आत गेल्या. डॉक्टर एका बाळाला तपासायला कोपऱ्यातल्या खाटेपाशी उभे होते. त्यांची स्वतःची खुर्ची उंच होती, हाताची होती आणि रिकामी होती. काकू तिच्यात बसल्या.

"बाई, ती माझी खुर्ची आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे. मी तुमची रुग्ण आहे. सातशे बत्तीस महिन्यांची."

"हो, हो. पण जरा उठता का?"

"नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही मला घेतलंय ना? मला न बघता सरबत दिलंत, वाढ चांगली आहे म्हणालात. आता बरी करा. बरी झाले की उठते."

आवाज चढलेला नव्हता. काकू दुधाचा हिशेब विचारावा तितक्या साधेपणानं बोलत होत्या, आणि तेच भयंकर होतं. डॉक्टरांनी समजावलं, काउंटरवरच्या मुलीनं विनवलं, बाहेर सहा बाळं एका सुरात रडायला लागली. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी उभ्या उभ्या, खाटेच्या कडेवर कागद ठेवून नमुना सात भरला. 'रुग्ण आक्रमक. डॉक्टरांची खुर्ची बळकावली.' पत्र हातात पडल्यावरही काकू लगेच उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पत्र वाचलं, घडी घातली, पर्स बंद केली. मग टेबलाच्या कडेला धरून अगदी सावकाश उठल्या. काका दारात उभे राहून हा रुबाब बघत होते आणि आपण या बाईच्या घरी होकार कसा मिळवला याचं त्यांना नव्यानं आश्चर्य वाटलं.

दातांच्या डॉक्टरांकडची खुर्ची तर मागे झुकणारी होती. काकू तिच्यात आडव्या झाल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तिथे चाळीस मिनिटं लागली. त्वचेच्या डॉक्टरांना तोवर फोन गेला असावा, कारण रिक्षा थांबते न थांबते तो त्यांचा माणूस पत्र घेऊन फाटकात हजर होता. पत्रात लिहिलं होतं, 'रुग्णाचे वर्तन संभाव्यतः गंभीर'. खाली डॉक्टरांनी काकांना नमस्कार कळवला होता.

शुक्रवारी चारला दहा कमी असताना विमा कार्यालयात तिन्ही कागदांवर शिक्के पडले. त्यानंतरचे दहा दिवस काकांनी इमारतीत मान वर करून काढले. "अभिनय म्हणजे काय अभिनय," असं ते हवालदारांना, दूधवाल्याला, तळमजल्यावरच्या बाईंना आणि एकदा चुकून आलेल्या कुरियरवाल्याला सांगत. "आवाजसुद्धा चढवला नाही हो. नुसती बसून राहिली." काकू आतून "पुरे" म्हणत.

डॉक्टरीणबाई किरकोळ अंगाच्या, केस पिकलेल्या आणि तुटक बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी आधी गुडघ्याचे एक्स-रे फोटो बघितले, मग काकांनी भरलेला अर्ज, मग तिन्ही नकार. तिसऱ्यापाशी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"असा शेरा असलेल्या रुग्णाला मी नाकारू शकते," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

"लेखी द्याल का?" काका बोलून गेले. जिभेला सवय लागली होती. काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिलं ते पाहून नर्ससुद्धा एक पाऊल मागे सरली.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "तुम्ही खरंच खुर्ची सोडली नाहीत?" त्यांनी काकूंना विचारलं.

काका ताबडतोब पुढे झाले. हा त्यांचा आवडता भाग होता. "अहो डॉक्टर, तो सगळा अभिनय होता. हिला मी काही शिकवलंसुद्धा नव्हतं, पण..."

"अभिनय कसला," काकू म्हणाल्या. "मला उठताच येत नव्हतं."

काका थांबले.

"बसले आणि गुडघा आतून धरला. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. दातांच्या डॉक्टरांकडेही तेच. म्हटलं, एवढ्या लोकांसमोर हात द्या म्हणण्यापेक्षा भांडलेलं बरं."

"असं किती दिवस होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अर्जात पाच महिने लिहिलंय."

"दीड वर्ष झालं असेल. पाच महिन्यांपूर्वी जिना सुटला, तेव्हा यांना कळलं. त्याआधी कशाला सांगायचं? हे रोज विचारायचे, कसं आहे. मी म्हणायचे, ठीक आहे. यांना तेवढं पुरायचं."

डॉक्टरीणबाईंनी अर्ज काकांच्या पुढे सरकवला आणि तो आकडा दुरुस्त करायला सांगितलं. काकांनी खिशातलं पेन काढलं. 'पाच' वर एक आडवी रेघ मारली, वर 'अठरा' लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही करायची असते म्हणून सही केली. एवढ्याशा कामाला त्यांना फार वेळ लागला आणि अक्षर काही त्यांचं वाटेना. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे त्यांना समजत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी खाली एक शब्द लिहिला, 'स्वीकारले', आणि शिक्का मारला. "वीस तारखेला भरती व्हा. निघा आता, बाहेर रांग आहे."

काका दाराकडे वळले आणि थांबले. काकू अजून बसलेल्याच होत्या. नर्स बघत होती, डॉक्टरीणबाई बघत होत्या, अर्धवट उघड्या दारातून पुढचा रुग्ण आणि त्याचे तीन नातेवाईक बघत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "हात द्या जरा."

काकांनी फाईल जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात दिले.